संजीवन सभेनंतरचा सोमवार

चर्चमधल्या संजीवन सभेचे, म्हणजे झोपलेला विश्वास जागा करणाऱ्या सभेचे, तीन दिवस संपले. रडून झालं, गाऊन झालं, पुढे जाऊन गुडघे टेकून झालं. कॅथलिक असाल तर रिट्रीट, म्हणजे प्रार्थनेसाठी बाजूला काढलेले दिवस, झाली, किती तरी वर्षांनी मनापासून पापनिवेदन झालं. आता सोमवार. पाणी नेहमीच्याच वेळेला येतं, साहेब तोच, सासूबाई त्याच, कर्जाचा हप्ताही तोच. हा लेख त्या सोमवारपासून पुढच्या काही महिन्यांसाठी आहे. लहानपणापासून चर्चच्या बाकावर बसलेले पण आत्ता कुठे जागे झालेले, आणि ख्रिस्ती नसलेल्या घरातून येशूकडे वळलेले, अशा दोघांनाही डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

येशूचं रूप पालटलं त्या डोंगरावर त्याचा शिष्य पेत्र याला तिथेच तीन मंडप घालायचे होते. येशूने त्याला आणि बरोबरच्या शिष्यांना खाली आणलं. खाली एक बाप आपल्या फेफरे येणाऱ्या मुलाला घेऊन उभा होता, आणि मागे राहिलेल्या शिष्यांना काही त्या मुलाला बरं करता आलं नव्हतं. डोंगर आणि तो मुलगा हे दोन्ही प्रसंग मत्तयाच्या सतराव्या अध्यायात लागोपाठ येतात.

नवीन माणसाला आपल्याकडे आधी प्रार्थना शिकवतात, मग शास्त्रवाचन, मग साक्ष (आपला विश्वासाचा अनुभव चारचौघांत सांगणं), आणि बाकीचं जमलंच तर. मी क्रम बदलून सांगणार आहे. आधी माणसांचे हिशेब, मग बाकी सगळं.

पहिला आठवडा: काही जाहीर करू नका

व्हॉट्सअॅपवर स्टेटस नको, नोकरीचा राजीनामा नको, "रोज पहाटे चारला उठून दोन तास प्रार्थना करीन" असा नवस तर नकोच. सभेच्या भरात असे निर्णय सुचतात आणि ते खोटे नसतात, पण कच्चे असतात. गरसेकरांच्या मुलखातला भुतांनी पछाडलेला माणूस बरा झाल्यावर येशूबरोबर मचव्यात बसून जायला निघाला होता. येशूने त्याला नेलं नाही, घरी आपल्या माणसांकडे पाठवलं. थेस्सलनीकाच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांना, प्रेषित पौल काय सांगतो? शांतपणे राहा, आपापला व्यवसाय करा, आपल्या हातांनी काम करा.

सांगायचंच असेल तर एक-दोघांना सांगा. त्यातला एक असा हवा जो तुम्हाला टोकू शकेल.

दुसरी पायरी: हिशेबाचा कागद

एक कागद घ्या. मोबाईल नको, मोबाईलवरची यादी पुसणं फार सोपं असतं. मध्ये रेघ मारा. डावीकडे पैसे, उजवीकडे शब्द.

डावीकडे काय येतं? भावाकडून घेतलेले आणि दोघांनीही न काढलेले हातउसने. किराणा दुकानातली उधारी. भिशीचा बुडवलेला हप्ता. ऑफिसच्या प्रवासखर्चात फुगवलेली बिलं. घरकामाला येणाऱ्या मावशींचे आजारपणात कापलेले दिवस. आणि बऱ्याच घरांत एक मोठी नोंद निघते: वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेताना तिला जमिनीची खरी किंमत सांगितली होती का? ही नोंद टाळून पुढे गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची प्रार्थना लांबत जाते आणि बहीण रक्षाबंधनाला येईनाशी होते.

लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय जकातदाराची गोष्ट रविवारच्या शाळेत झाडावर चढलेल्या बुटक्या माणसाची म्हणून सांगतात आणि खरा भाग राहून जातो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे, लुबाडल्याचं स्वतःहून कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा होता. जक्कय चौपट द्यायला निघाला, आणि त्याशिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना. जेवायला आलेल्या येशूसमोर उभा राहून त्याने थेट आकडे सांगितले. तारण ह्या घरी आलं आहे, हे येशूचे शब्द त्यानंतरचे आहेत.

तुम्हाला चौपट जमणार नाही. मूळ रक्कम तरी द्या, आणि एकदम शक्य नसेल तर हप्ते ठरवून द्या. दरमहा हजार रुपये, पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. समोरच्याला आधी सांगा: "तुमचे आठ हजार राहिलेत माझ्याकडे, मे महिन्यापर्यंत फेडतो." तो "राहू दे रे" म्हणाला तर एकदा आग्रह करा. तरीही नको म्हणाला तर आभार माना. तिथे उगाच वाद घालत बसू नका.

उजवी बाजू जास्त अवघड. शब्दाने दुखावलेली माणसं, अबोला धरलेले चुलते, ज्याच्याबद्दल खोटंनाटं पसरवलं तो सहकारी. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की वेदीशी दान घेऊन आला असाल आणि भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे असं तिथे आठवलं, तर दान तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा आणि मग येऊन दान अर्पण करा. वाक्य पुन्हा वाचा. तुमच्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे हे तिथे विचारलेलंच नाही.

माफी मागताना काही गोष्टी सांभाळा. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" ही माफी नव्हे. काय केलं ते नाव घेऊन सांगा: "दादाच्या लग्नात सगळ्यांसमोर मी तुझ्या नोकरीवरून बोललो. ते चुकीचं होतं." आपली साक्ष तिथे सांगू नका, माफीला जोडून सुवार्ता सांगितली की ऐकणाऱ्याला ती अट वाटते. उलट माफीची अपेक्षा ठेवू नका. शक्य असेल तर भेटून बोला, नाहीतर फोनवर. मेसेज अगदीच नाइलाज असेल तर.

सगळंच सगळ्यांना सांगायचं नसतं. तुमच्या कबुलीने तुमचं ओझं हलकं होऊन तिसऱ्याच कुणाचा संसार मोडणार असेल, तर आधी पाळकांशी किंवा फादरांशी बोला. आणि ज्यांच्यावर अन्याय झाला आहे, मारहाण झाली आहे, त्यांनी हा परिच्छेद स्वतःवर ओढून घेऊ नये. क्षमा करणं म्हणजे मारणाऱ्या घरात परत जाणं नव्हे, आणि पोलिसांत दिलेली तक्रार मागे घेणंही नव्हे. तुम्हाला कुणी तसं सांगितलं तर सांगणारी व्यक्ती व्यासपीठावर कितीही मोठी असो, ऐकू नका.

हा कागद एका आठवड्यात संपणार नाही. वर्ष लागू शकतं. पण सुरुवात पहिल्या महिन्यात व्हायला हवी, कारण त्यानंतर मन सबबी शोधायला लागतं.

तिसरी पायरी: काम

पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, १९०५ च्या जानेवारीत सत्तरेक जणी संजीवनासाठी रोज प्रार्थनेला बसू लागल्या. जूनपर्यंत ती संख्या पाचशेच्या वर गेली, आणि त्या महिन्याच्या अखेरीस तिथे जे घडलं त्याची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात आहे. रडणं, पापांची कबुली, तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना, सगळं झालं. पण त्या मुली कोण होत्या? बऱ्याचशा १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून वाचलेल्या. मुक्तीत शेती होती, विणकाम होतं, तेलाचे घाणे होते, छापखाना होता, अंध स्त्रियांसाठी शिक्षण होतं, आणि शेकडो तोंडांचा रोजचा स्वयंपाक होता. संजीवन आलं म्हणून चुली विझल्या नाहीत. स्वतः रमाबाई पुढची कित्येक वर्षं हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करत राहिल्या. खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवायचं आणि छपाईचं काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केलं. रमाबाई १९२२ साली वारल्या, त्याआधी भाषांतर हातावेगळं झालं होतं.

म्हणून नवीन माणसाला मी विचारतो: कामावर वेळेवर पोचता का? टेबलावर वचनाचं कॅलेंडर लावण्याआधी हे पाहा. रिक्षा चालवत असाल तर मीटर, दुकान असेल तर काटा आणि पक्की पावती, सरकारी कचेरीत असाल तर "चहापाणी". हे एका दिवसात सुटत नाही. कधी कधी सोडलं की वरिष्ठ आणि सहकारी दोघंही नाराज होतात, कारण साखळीतली एक कडी निखळते. अशा वेळी एकट्याने लढू नका. मंडळीत त्याच क्षेत्रात मुरलेला कुणी प्रामाणिक माणूस असतो, त्याला शोधा. तो तुम्हाला वचनापेक्षा आधी फाईल कशी ठेवायची ते सांगेल, आणि ते उपयोगी पडेल.

चौथी पायरी: सकाळची वीस मिनिटं

आता शांतवेळ, म्हणजे रोजचं एकट्याने केलेलं शास्त्रवाचन आणि प्रार्थना. वीस मिनिटं पुरेत. ज्यांना दोन तास जमतात त्यांनी जरूर करावेत, पण लहान मूल असलेल्या आईला किंवा रात्रपाळी करणाऱ्याला दोन तास सांगणं म्हणजे तिसऱ्या दिवशी सोडून द्यायला सांगणं.

मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. सोळाच अध्याय आहेत आणि वेग आहे. रोज अर्धा अध्याय. उत्पत्तीपासून "पूर्ण बायबल एका वर्षात" सुरू केलेले लोक तिसऱ्याच पुस्तकात, लेवीयच्या अर्पणांत अडकतात. ती वाट पुढच्या वर्षी धरा. मोठ्याने वाचा, घरात झोपलेलं असेल कुणी तर ओठ हलवत. वाचून झाल्यावर वहीत एकच ओळ लिहा: आज मला काय करायला सांगितलं? "देव महान आहे" ही ओळ चालणार नाही. "आज आत्याला फोन" ही चालेल.

आवृत्ती कुठली, हा प्रश्न हमखास येतो. मंडळीत बायबल सोसायटीचं "पवित्र शास्त्र" वाचलं जात असेल तर ते असू द्याच, म्हणजे रविवारी शब्द ओळखीचे वाटतील. भाषा जड वाटत असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं "सुबोध बायबल" बरोबर ठेवा.

मग प्रार्थना. सुचत नसेल तर प्रभूची प्रार्थना घ्या आणि एकेका वाक्यावर थांबा. "आमची रोजची भाकर" इथे आज कुणाकडे भाकर नाही त्याचं नाव घ्या. "जसे आम्ही क्षमा केली आहे" इथे तो कागद काढा. स्तोत्रंही हाताशी ठेवा. पश्चात्तापाला एक्कावन्नावं, भीती वाटत असेल तर सत्ताविसावं.

वारकरी घरातून आला असाल तर टाळ सोडायचं कारण नाही. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्तभक्तीची पदं अभंग-ओवीच्या वळणावर लिहिली आणि ती आजही मराठी मंडळ्यांच्या उपासनेत गातात. आजीकडून आलेली चाल आणि येशूचं नाव एकाच गळ्यात बसतं. इंग्रजी-हिंदी वर्शिप गाणी ज्यांना आवडतात त्यांनी गावीत. मला विचाराल तर पहाटे स्वयंपाकघरात टिळकांचं एखादं पद जास्त काम करतं, कारण त्याला ना कीबोर्ड लागतो ना वायफाय.

पाचवी पायरी: घरातली माणसं

इथे घाई सगळ्यात जास्त नुकसान करते. टिळकांचंच उदाहरण पाहा. त्यांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधली काही वर्षं दोघं वेगळी राहिली, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळं लगेच सुटलं नाही. "स्मृतिचित्रे"त त्यांनी हे सगळं इतक्या मोकळेपणाने लिहिलं आहे की नव्याने विश्वास धरलेल्या प्रत्येक नवऱ्याने ते वाचावं. आपल्याला झालेला आनंद घरच्यांना आघात कसा वाटतो, हे त्यातून कळेल.

ख्रिस्ती नसलेल्या घरात राहत असाल तर देवघराला हात लावू नका. ते आईचं आहे. तुम्ही आरतीला उभे राहणार की नाही हा तुमचा निर्णय, तो नम्रपणे एकदा सांगा. पण तिच्या समईत तेल नाही हे दिसलं तर दुकानातून आणून देण्यात तुमचा विश्वास बुडत नाही. सणाच्या दिवशी घरातून गायब होऊ नका. पाहुण्यांना पाणी द्या, भांडी घासा. पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वास न धरणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांना सांगितलं आहे की ते नवरे वचनावाचून, बायकांच्या वागणुकीने विश्वासाकडे वळवले जावेत. मला तो सल्ला नवऱ्यांनाही, मुलांनाही लागू वाटतो.

जन्मजात ख्रिस्ती घरात अडचण निराळी. तिथे सगळ्यांना वाटतं, "आम्ही काय ख्रिस्ती नव्हतो का इतके दिवस?" तुमच्या नव्या उत्साहात त्यांना निंदा ऐकू येते, आणि बऱ्याचदा ती असतेही. वडिलांच्या साध्या, वर्षानुवर्षांच्या जेवणाआधीच्या प्रार्थनेला "मेलेली प्रार्थना" म्हणू नका. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना बंद पडली असेल तर ती पुन्हा सुरू करा: एक गीत, दहा वचनं, मुलांपैकी एकाने प्रार्थना, आमेन. दहा मिनिटांत उरका, नाहीतर मुलं पुढच्या आठवड्यात गृहपाठ काढून बसतील.

एक सोपी चाचणी. रविवारी तुम्ही उपासना, मग प्रार्थना सभा, मग घरभेटी असं करून संध्याकाळी दमून परत येता. त्या दिवशीचा स्वयंपाक कुणी केला? उत्तर दर रविवारी एकच असेल तर एक सभा कमी करा.

सहावी पायरी: मंडळी

एकट्याने हे होत नाही. पेंटेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, तीन हजार माणसं वाढली, आणि प्रेषितांच्या कृत्यांत लगेच पुढे त्यांचं रोजचं जगणं सांगितलं आहे: शिकवण, सहवास, भाकर मोडणं, प्रार्थना. शक्यतो घराजवळची मंडळी निवडा, जिथे तुम्ही आजारी पडलात तर कुणी डबा घेऊन येऊ शकेल. यूट्यूबवरचे पास्टर डबा आणत नाहीत.

काही गोष्टी तपासून पाहा. वार्षिक हिशेब सभासदांसमोर मांडला जातो का? पाळकांना प्रश्न विचारलेले चालतात का? दान जितकं मोठं तितका आशीर्वाद मोठा, असं सांगतात का? सांगत असतील तर चपला घाला आणि निघा. औषधं बंद करायला सांगितली तरी तेच. यशयाने हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचं पोटीस लावायला सांगितलं, पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणि लूक तर वैद्यच होता. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलं. मिशनरी सर्जन होते ते, प्रार्थनाही करायचे आणि शस्त्रक्रियाही. रक्तदाबाची गोळी चालू ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे बोलत नाहीत. मंडळीत जात विचारली जाते. सोयरीक जुळवताना, कमिटीच्या निवडणुकीत, कधी नुसत्या आडनावावरून. नव्याने जागं झालेल्या माणसाने हे दिसल्यावर मंडळी सोडून जावं असं मला वाटत नाही, पण आपल्या घराच्या सोयरिकीत तरी तो प्रश्न विचारू नये. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतल्यावर दुसरं काय करणार?

आणि मंडळी कंपाउंडच्या बाहेर पाहते का, हेही बघा. वसईत दिब्रिटोंसारखा धर्मगुरू पाण्यासाठी आणि झाडांसाठी "हरित वसई" चळवळीत पुढे उभा राहिला, तेव्हा ते त्यांना धर्मापेक्षा वेगळं काम वाटलं नव्हतं.

देणं आणि उपवास

दशांशाबद्दल, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याबद्दल, वाद आहेत, त्यात शिरत नाही. एवढंच: फेडायचे हप्ते आधी, मग देणं. दुसऱ्याच्या पैशातून दान करू नये. मावशींचा पगार वाढवणं हे देणगीत धरू नका.

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, चाळीस दिवस रविवार सोडून मोजतात, म्हणून राखेच्या बुधवारपासून ईस्टर शेहेचाळीस दिवसांवर असतो. पहिल्याच वर्षी कडक उपवास नको. एक जेवण सोडा आणि त्या जेवणाचे पैसे डब्यात टाका. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं, असं आहे. तेव्हा डब्यातले पैसे कुणाच्या तरी शाळेच्या फीला जाऊ द्या. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण सोडू नका. टीव्ही सोडा, रील्स सोडा.

रात्रीची उजळणी

सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोलांनी आपल्या लोकांना दिवसाची उजळणी करायची सवय लावली, आणि ती प्रोटेस्टंटांनीही उचलायला हरकत नाही. अंथरुणावर पडण्याआधी पाच मिनिटं. आज कशाबद्दल आभार? आज कुठे घसरलो? उद्या कुणाशी नीट वागायचं आहे? घसरलेल्या जागेचं नाव घ्या, क्षमा मागा, झोपा. इफिसकरांच्या पत्रातला नियम आहे, सूर्य मावळण्याआधी राग सोडा. जोडप्यांनी तो शब्दशः पाळून पाहावा. कोण बरोबर होतं हे त्या रात्री ठरलं नाही तरी चालेल.

कोरडे दिवस

हे येणार. बहुतेकांना तीन-चार महिन्यांत येतात. गाताना काही वाटत नाही, वाचताना अक्षरं दिसतात फक्त, आणि "तेव्हा सभेत जे झालं ते खरं होतं का?" असा प्रश्न पडतो. पुन्हा तशीच सभा शोधत गावोगाव फिरू नका. काही लोक आयुष्यभर तेच करतात, दर उन्हाळ्यात नव्याने तारण पावतात, आणि उधारी तशीच राहते.

त्या दिवसांत वाचन निम्मं करा, पण मोडू नका. तेरावं स्तोत्र वाचा. "किती वेळ" असं देवाला चार वेळा विचारणारा माणूस तिथे भेटेल. रविवारी वाटत नसलं तरी जा, मागच्या बाकावर बसा, गीतात तोंड उघडू नका वाटलं तर. इतरांना गाऊ द्या. ज्या एका माणसाला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं त्याला हेही सांगा. झोप उडाली असेल, भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल आणि हे दोन आठवडे टिकलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा; त्यात विश्वास कमी असल्याचा काही संबंध नाही.

मार्क संपला की याकोबाचं पत्र घ्या. पाचच अध्याय आहेत. वाचताना कुठेतरी तुमचा कागद पुन्हा आठवेल, तेव्हा तो बाहेर काढा आणि पुढच्या नावाला फोन लावा.